आतले टाके

"बादलीला हात लावू नकोस!"

आक्का स्वयंपाकघरातून ओरडली, तेव्हा मी न्हाणीघराच्या दारात वाकायच्या बेतात होते. बादलीत जेमतेम दोन तांबे पाणी असेल.

"रिकामीच आहे हो, आक्का."

"रिकामी असू दे नाहीतर भरलेली. वाकायचं नाही म्हणजे नाही." पदराला हात पुसत ती आली, माझा दंड धरून मला सरळ केलं आणि बादली स्वतःच उचलून आत ठेवली. "पोटाला ताण बसला की रडत बसशील."

सरळ होताना मांडीवरून काहीतरी ओलसर उतरल्यासारखं वाटलं. आत जाऊन बघितलं, तर डाग. ताजा, लाल. गर्भाशय काढून तीन आठवडे होत आले होते. जे आत राहिलंच नाही, त्यातून रक्त कुठून आलं?

"आक्का!" मी भिंतीला टेकून हाक मारली. "आक्का, रक्त येतंय. रिक्षा बोलवा. दवाखान्यात जायला पाहिजे."

तिनं कपडा बघितला. जराही घाबरली नाही.

"काही नाही होत. आतले टाके विरघळतात, त्याचं आहे हे. एक-दोन दिवस येईल आणि थांबेल." मला पलंगावर बसवून ती पुढं म्हणाली, "मलाही आला होता. तेवढाच. मग कधीच नाही."

मी तेव्हा फक्त पहिलं ऐकलं. घाबरण्यासारखं काही नाही, एवढंच. तिचं शेवटचं वाक्य कानावरून गेलं आणि दुपारी आडवी पडले असताना परत आलं.

आक्का म्हणजे माझ्या यजमानांची, भालचंद्रांची, मोठी बहीण. नाव कौसल्या. आम्ही बार्शीत राहायचो. भालचंद्रांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. माझं लग्न झाल्यावर दोनेक वर्षांनी आक्का सासर सोडून आमच्याकडं आली ती कायमचीच. पहिलं मूल पोटातच गेलं, पुढं काही झालं नाही आणि नवऱ्यानं दुसरी केली. एवढीच तिची कहाणी मला माहीत होती. तिच्याबद्दल घरात कुणी जास्त बोलत नसे. माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच काढली. पोरांना पायावर घेऊन न्हाऊ घालताना ती गाणी म्हणायची, पण बारशाला पाळण्याजवळ मात्र कधी उभी राहिली नाही. "मी आपली भांड्याकुंड्यांकडं बघते," म्हणायची.

आणि आता पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या गर्भाशयात गाठी निघाल्या, ते काढावं लागलं, तेव्हाही माझं सगळं तीच करत होती. खोकला आला की माझ्या पोटाशी उशी धरायची. उठताना आधी कुशीवर वळ, मग हातावर भार दे, हे तिनंच शिकवलं. पोट साफ व्हावं म्हणून पपई, सकाळ-संध्याकाळ ओसरीवर फेऱ्या. एकदा टीव्हीवर काहीतरी फालतू बघताना मला हुंदका फुटला. तो आवरेचना. तेव्हा ती म्हणाली, "रड. येतं असं. कारण शोधू नकोस." डॉक्टरीणबाई जे सांगत, ते आक्काला आधीच ठाऊक असे. मला वाटायचं, चार बायकांची दुखणी काढलेली बाई, तिला माहीत असणारच.

त्या दुपारी ती माझ्या पायाशी शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, "आक्का, कधीच नाही म्हणजे?"

"काय कधीच नाही?"

"सकाळी म्हणालात. डाग आला तेवढाच, मग कधीच नाही."

"ते होय." तिनं टरफलं बाजूला सारली. "माझं पोट फाडून मूल काढलं होतं ना. त्याच्यानंतर तुझ्यासारखाच डाग आला होता. मग पाळी आलीच नाही मला."

"पुन्हा कधीच?"

"कधीच. आबा म्हणाले, बाळंतपणात अंग आतून सुकलंय. औषधानं येईल." आबा म्हणजे माझे सासरे. "काय काय औषधं खाल्ली मी! परंड्याकडं एक वैद्य होता, काळी पूड द्यायचा. गुळातून घ्यायची. इतकी कडू की भाकरीला चव लागायची नाही. भालूच न्यायचा मला एसटीनं. सोळा सोमवार केले, औदुंबराला फेऱ्या घातल्या. नाही आली ती नाहीच."

त्या वेळी तिचं वय एकवीस होतं. मी तिच्या शेंगा फोडणाऱ्या हातांकडं बघत राहिले. पोट फाडून मूल काढल्यावर पाळी बंद होत नाही. माझ्या शेजारणीची दोन्ही मुलं तशीच झाली होती. मला एकदम गार वाटायला लागलं. मी चादर गळ्यापर्यंत ओढली. वाटलं, असेल आपल्याच डोक्यात. सध्या डोक्यात दुसरं असतंच काय?

पुढच्या तपासणीला मी मुद्दाम आक्काला बरोबर घेतलं. तिला बरेच दिवस लघवीला जळजळ होत होती, ती अंगावर काढत होती. ते निमित्त झालं. डॉक्टर रेहाना मुजावर मोकळ्या स्वभावाच्या होत्या. माझे टाके बघून झाल्यावर त्यांनी आक्काला टेबलावर घेतलं, पोटावर जेल लावलं आणि सोनोग्राफीचं यंत्र फिरवत पडद्याकडं बघत राहिल्या.

"दोघी नणंद-भावजया एकाच माळेचे मणी की!" त्या हसून म्हणाल्या. "तुमचं कधी झालं ऑपरेशन?"

"माझं? तिचं झालंय," आक्का म्हणाली.

"त्यांचं मीच केलंय. तुमचं विचारतेय मी. गर्भाशय कधी काढलं?"

आक्का मान वळवून माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टरांना कमी ऐकू येतं की काय, असा चेहरा होता तिचा. "नाही हो. माझं पोट फाडून मूल काढलं होतं. फार वर्षं झाली. मेलेलं होतं ते."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं, आक्काच्या पोटावरचं जेल स्वतः पुसलं, तिला आधार देऊन उठवून बसवलं आणि स्टूल ओढून समोर बसल्या.

"आक्का, तुमच्या पोटात गर्भाशय नाहीये. खाली तोंडाचा थोडासा भाग ठेवलाय, बाकी काढलेलं आहे. बाळंतपणात कधी कधी ते फाटतं. रक्त थांबत नाही. बाईचा जीव वाचवायचा तर काढावंच लागतं. ज्या डॉक्टरनं केलं, त्यानं तुम्हाला वाचवलंय. पण तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

आक्का पदर नीट करत होती. खांद्यावर घेतलेला पदर पुन्हा काढून पुन्हा घेत होती.

"अंग सुकलंय म्हणाले होते," ती म्हणाली.

रिक्षात ती बाहेर बघत बसली. घर जवळ आल्यावर एकदाच बोलली. "हेमा, ते यंत्र चुकतं का गं?"

"नाही, आक्का."

"बरं."

मला वाटत होतं, आता हे भालचंद्रांना कसं सांगायचं? बहिणीवर त्यांचा फार जीव. त्यांना बिचाऱ्यांना केवढा धक्का बसेल! मनाशी वाक्यं जुळवत मी पलंगावर पडून होते. आक्कानं मात्र घरी येऊन हातपाय धुतले, पीठ मळलं आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. थापण्याचा आवाज रोजच्यासारखाच येत होता.

दुपारी भालचंद्र जेवायला आले. मी भिंतीला उशी लावून बसले होते. आक्कानं त्यांचं ताट वाढलं. वांग्याची भाजी, भाकरी, कांदा. त्यांनी पहिला घास घेतला.

"भालू, माझं गर्भाशय काढलं तेव्हा तू दवाखान्यातच होतास ना?"

ते 'काय?' म्हणाले असते, तर पुढचं माझं सगळं आयुष्य वेगळं झालं असतं. पण ते तसं म्हणाले नाहीत. हातातला तुकडा ताटात ठेवून ते म्हणाले, "कुणी सांगितलं?"

माझ्या पोटातले टाके कुणीतरी एकदम ओढावेत तसं झालं. मी उशी पोटाशी घट्ट धरली.

"डॉक्टरीणबाईंनी," आक्का म्हणाली. "आता तू सांग."

"आक्का, जेवण झाल्यावर..."

"आत्ता."

ते ताटाकडं बघत बोलायला लागले. आक्काच्या कळा दीड दिवस चालल्या होत्या. बैलगाडीतून तालुक्याच्या गावी नेलं, तोवर पोटातलं मूल गेलं होतं आणि आत फाटलं होतं. तिथल्या डॉक्टरनं आबांना बाहेर बोलावून सांगितलं, पिशवी काढतो, नाहीतर मुलगी जाईल. आबांनी अंगठा दिला. भालचंद्र बाजूला उभे होते. एकोणीस वर्षांचे. "बाहेर आल्यावर आबांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, हे तुझ्या-माझ्यात राहील. तिच्या सासरी कळलं तर उद्याच तिला आणून सोडतील. आणि तिला सांगितलं तर ती भोळी आहे, तिच्या तोंडून जाईल. तुझ्यासाठीच केलं, आक्का. तुझा संसार राहावा म्हणून."

"राहिला का?"

भालचंद्रांनी भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला सरकवला.

"मला परंड्याला कशाला नेत होतास?"

"तू हट्ट करायचीस. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतंस."

"ती पूड खाऊन मी रात्र रात्र ओकायची. तू उशाशी बसून पाठ चोळायचास."

"आक्का..."

"थांब. अजून एक आहे." आतापर्यंत ती उभी होती, ती आता त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आवाज चढलेला नव्हता. "माझी थोरली जाऊ बाळंतपणात गेली. तिसरी मुलगी झाली होती तिला. सासूबाई म्हणाल्या, ही पोर कौसल्याच्या ओटीत घाला, तिला मूल होईल, हिला आई होईल. आठवतं? तू भाऊबिजेला आला होतास. मी तुला विचारलं, घेऊ का रे? तू काय म्हणालास?"

भालचंद्रांनी डोळे मिटून घेतले.

"बोल ना."

"आठवत नाही मला."

"मला आठवतं. 'कशाला दुसऱ्याचं घेतेस? तुला तुझं होईल की.' असं म्हणालास. मी नाही म्हणून सांगितलं सासूबाईंना. पोर पंधरा दिवसांची होती. माझं बोट धरून ठेवलं होतं तिनं, मी सोडवून घेतलं. मग तिचा मामा घेऊन गेला तिला. कुठंतरी वाढली असेल, लग्न होऊन गेली असेल. आज बाजारात समोर आली तर मी तिला ओळखणार नाही."

ताटावर माशी बसली होती. ती कुणीच हाकलली नाही. माझ्या ऑपरेशनच्या आधी हेच भालचंद्र मला म्हणाले होते, "डॉक्टरांना सगळं विचारून घे, मनात शंका ठेवू नकोस. तुझं शरीर आहे." ते ऐकून मला केवढा आधार वाटला होता! चोवीस वर्षं ज्यांच्याबरोबर संसार केला, त्या माणसाकडं मी बघत होते आणि मला त्यांचा चेहरा नीट दिसतच नव्हता.

आक्का उठली. त्यांचं ताट उचलून तिनं मोरीत ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुझ्या गोळ्यांची वेळ झाली. आणि एक ऐक. तू बरी झालीस की मला धामणवाडीला, सासरी जायचंय. भालूनं गाडी चालवायची आणि तिथं सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मी त्या घरात वांझ म्हणून राहिले. ते तिथं निस्तरायला पाहिजे."

त्यानंतर मी पूर्ण बरी होईपर्यंत तिनं माझ्या सेवेत काही कमी पडू दिलं नाही. तो विषयही पुन्हा काढला नाही. फक्त कधी कधी काम करता करता थांबायची आणि बेंबीखाली तळहात ठेवून उभी राहायची. मी बघतेय असं दिसलं की हात काढायची. भालचंद्र घरात पाहुण्यासारखे वावरायचे. रात्री माझ्याशी काही बोलायला बघायचे. मी कुशीवर वळायचे.

डॉक्टरांनी मला प्रवासाची परवानगी दिली, त्याच आठवड्यात आम्ही निघालो.

धामणवाडीत आक्काचे यजमान, विश्वंभर काशीद, अंगणात बाजेवर बसले होते. सत्तरीकडं झुकलेले, अंगानं वाळलेले. आक्काला बघून ते उठू लागले, तर तिनं हातानंच बसा म्हटलं. त्यांची दुसरी बायको सिंधू पदर डोक्यावर घेत बाहेर आली. तिचे दोन्ही मुलगे रानात गेले होते. आक्का माझ्याबरोबर ओसरीच्या कडेला बसली. भालचंद्र मात्र उभेच राहिले.

"दाजी, एक सांगायचंय," ते म्हणाले. "फार पूर्वी सांगायला पाहिजे होतं. आक्काच्या त्या बाळंतपणात..." त्यांनी एकदा आक्काकडं बघितलं. "तिची पिशवी काढावी लागली होती. आम्ही तुमच्यापासून लपवलं. आबांनी आणि मी. तिलाही सांगितलं नाही. तिचा काही दोष नव्हता."

विश्वंभर तंबाखू मळत होते. मळायचे थांबले नाहीत.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले.

सिंधू आधी बोलली. "काय ठाऊक होतं?"

"हेच. तिला घरी आणायच्या आधी डॉक्टरनंच सांगितलं होतं. म्हणाला, नवरा आहेस, तुला माहीत पाहिजे. मी वाट बघितली, हिच्या माहेरचं कुणीतरी बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही. मग मीही नाही बोललो."

मी आक्काचा हात धरला. तो थंडगार होता. आबांना माहीत होतं, भावाला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं. जिच्या पोटातून काढलं, तिच्यापासून तेवढं सगळ्यांनी लपवलं होतं.

"मी सोमवार धरायची तेव्हा बेल तुम्हीच आणून द्यायचा," आक्का म्हणाली.

"हां."

"माहीत असून?"

"तुझी आशा मोडवत नव्हती, कौसल्ये."

"आशा माझी होती. सोय तुमची होती." पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "मी तुम्हाला हात जोडून म्हटलं होतं, माझ्यात खोट आहे, तुम्ही दुसरी करा. मीच मुलगी बघायला गेले. ह्या सिंधूला मीच पसंत केली, तिची खणा-नारळानं ओटी मी भरली. खरं माहीत असतं तर मी असं म्हटलं असतं का? मग माझ्या मर्जीविरुद्ध दुसरी आणली असती, तर गावात तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हणून गप्प राहिलात."

विश्वंभरांनी तंबाखू तोंडात टाकली नाही. ती तळहातावर तशीच राहिली.

सिंधू खांबाला धरून उभी होती, ती खाली बसली. "हे मला म्हणाले होते, पहिलीला कुणाचा तरी तळतळाट लागलाय," ती आक्काला म्हणाली. "तिची सावली पोरांवर नको. बाई, दोन्ही बाळंतपणांत मी तुम्हाला खोलीचा उंबरा ओलांडू दिला नाही. तुम्ही दाराबाहेर वाटी ठेवून जायचा." आणि ती मोठ्यानं रडायला लागली. आक्का उठून तिच्याजवळ गेली. तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

"तुला तरी कुणी काय खरं सांगितलं?" ती म्हणाली. "ऊठ. चहा टाक. आज पाहुणी म्हणून आलेय मी, पाहुणचार कर."

आम्ही चहा घेतला. विश्वंभरांचा कप तसाच गार झाला. निघताना ते काहीतरी म्हणाले, पण आक्कानं मागं वळून बघितलं नाही.

त्यानंतर आक्का आमच्याच घरी राहिली, शेवटपर्यंत. माझ्या मुलीच्या लेकाच्या बारशाला तिनं सगळ्यांच्या आधी पाळण्याला हात लावला, नाव तिनंच सांगितलं. मीही संसार सोडून कुठं गेले नाही. भालचंद्र आणि मी पुष्कळ भांडलो, पुष्कळ गप्प राहिलो आणि म्हातारे झालो. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी धामणवाडीहून परत येताना आम्ही दोघी गाडीत मागं बसलो होतो आणि भालचंद्र एकटे पुढं गाडी चालवत होते. गाव मागं पडलं तसे ते आरशात न बघता म्हणाले, "आक्का, मला माफ कर."

दोन्ही बाजूंना तुरीची शेतं होती.

"आबांनी डोक्यावर हात ठेवायला लावला तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास," ती म्हणाली. "घाबरला असशील. त्या पोराला मी माफ केलं, भालू. तू सांगितलंस त्याच दिवशी केलं. पण तू पुढं मोठा झालास. आबा गेले. तुझी स्वतःची पोरं झाली, ती मी न्हाऊ घालायची आणि तू दारात उभा राहून बघायचास. त्या माणसाचं मी काय करू, ते मला अजून कळत नाही."

भालचंद्रांनी गाडी कडेला घेतली. दार उघडून ते उतरले, चार पावलं पुढं गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. उतरून त्यांच्याजवळ जावं, असं मला वाटलं. माझा हात दाराच्या कडीवर गेलासुद्धा होता. मग मी तो काढून घेतला आणि आक्काच्या शेजारी बसून राहिले.